भारतीय स्पिट्झ

सोबतीसाठी पाळल्या जाणाऱ्या कुत्र्यांची जात. नाशिकच्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये ‘पॉमेरियन’ म्हणून वावरणारे पांढरे, झुपकेदार कुत्रे बहुतेकदा याच जातीचे असते. खऱ्या पॉमेरेनियनचे वजन तीन किलोंच्या आसपास. स्पिट्झ लहान चणीचा ५ ते ७ किलोंचा, मोठ्या चणीचा त्याहून बराच भारी. निमुळते तोंड, काळे नाक, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपूट.

पूर्वज जर्मन स्पिट्झ. ते एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर आले आणि इथल्या उन्हात टिकतील अशी त्यांची पैदास होत गेली. ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या (१९९४) टफी नावाच्या कुत्र्याने या जातीला घरोघरी नेले. स्वभाव चपळ, चटकन शिकणारा, माणसांना चिकटून राहणारा. अनोळखी पावलांवर भुंकणे रक्तातच आहे, त्यासाठी त्याला मारू नये. आयुष्य साधारण १२ ते १४ वर्षे.

नाशिकची थंडी त्याला मानवते. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा फिरणे पहाटे किंवा रात्रीच. अंगावर केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हापासूनही जपतात; म्हणून एप्रिलमध्ये सरसकट केस भादरणे चूक. पावसाळ्यात गोचीड रोज तपासावेत, त्यांच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो.

पण या जिल्ह्यात पाळणाऱ्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट वेगळी आहे. ज्या दोन पिकांवर नाशिक उभे आहे, ती दोन्ही कुत्र्याला विषारी. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. किती खाल्ली तर चालतील, असे सुरक्षित प्रमाण नाही. जानेवारी ते एप्रिल या हंगामात पिंपळगाव-दिंडोरीकडून पाहुणे पेटी घेऊन येतात, मुले प्रेमाने एक-दोन मणी भरवतात. कांदा तांबड्या पेशी फोडतो. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम, म्हणजे सहा किलोंच्या स्पिट्झला एक-दोन मध्यम कांदेही पुरतात, आणि शिजवल्याने विष जात नाही. त्यामुळे मिसळीचा रस्सा, पोहे, भजी त्याच्या ताटलीत नकोत.

द्राक्षांनंतर काही तासांत उलट्या व सुस्ती दिसते, पुढे लघवी कमी होते. कांद्याची लक्षणे उशिरा, काही दिवसांनी कळतात: हिरड्या फिकट, लघवी गडद. उतारा नाही. खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्याकडे न्यावे. उलटीसाठी घरी मिठाचे पाणी पाजू नये, त्याने अपाय वाढतो.