पायातली शीर, मेंदूतली गुठळी आणि एक न वाचलेला संदर्भ

कॅन्सरच्या रुग्णांना होणाऱ्या स्ट्रोकवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर 'त्रुसो सिंड्रोम' हे नाव भेटणारच. कॅन्सरमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, गुठळी मेंदूत जाते, पक्षाघात होतो. शेजारी संदर्भ: त्रुसो, १८६५. मीही पहिल्या ड्राफ्टमध्ये तो तसाच चिकटवला होता. गाईडनी एवढंच विचारलं, "वाचलंयस का हे?" नव्हतं वाचलं.

आर्मां त्रुसो हा पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयातला नावाजलेला डॉक्टर. त्याच्या त्या व्याख्यानाचा विषय होता हातापायांच्या शिरांतल्या वेदनादायक गुठळ्या. पोटात लपलेल्या कॅन्सरची ती खूण असू शकते, हे त्यानं सांगितलं. (बुयो या फ्रेंच डॉक्टरनं कॅन्सर आणि गुठळ्यांचा संबंध १८२३ मध्येच नोंदवला होता, त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही.) पुढे १८६७ मध्ये त्रुसोच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली. आपलं काय होणार हे त्यानं ओळखलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो जठराच्या कॅन्सरनं गेला. ही गोष्ट सगळे सांगतात, पण शीर हाताची की पायाची, यावर लेखकांचं एकमत नाही. एकमेकांचं बघून लिहिलं की असंच होतं.

आता शरीररचना आठवा. पायाच्या शिरेतली गुठळी सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूनं फुप्फुसात जाते. हृदयाच्या पडद्याला भोक वगैरे असेल तरच ती मेंदूकडे जाईल. मग शिरांच्या आजाराचं नाव स्ट्रोकला कसं चिकटलं?

उत्तराचा मोठा भाग शवविच्छेदनाच्या टेबलावर सापडला. १९३६ मध्ये ग्रॉस आणि फ्रीडबर्ग यांनी हृदयाच्या झडपांवर, जंतुसंसर्ग नसताना, साचणाऱ्या गुठळ्यांचं सविस्तर वर्णन केलं. डाव्या बाजूच्या झडपेवरचा तुकडा सुटला की मेंदूची वाट मोकळी. १९७७ मध्ये सॅक, लेविन आणि बेल यांनी त्रुसोच्या नावाखाली शिरांबरोबर अशा झडपा आणि धमन्याही आणल्या. १९८५ मध्ये ग्राउस, रॉजर्स आणि पोझनर यांनी न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयातली ३,४२६ शवविच्छेदनं तपासली. १४.६ टक्क्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार निघाला. त्यातल्या साधारण निम्म्यांनाच जिवंतपणी लक्षणं होती.

हा १४.६ चा आकडा 'कॅन्सरच्या इतक्या रुग्णांना स्ट्रोक होतो' असा लिहिलेला दिसला, तर थांबा. छेद कोण आहे ते बघा: शवविच्छेदन झालेले मृत रुग्ण. आणि अंशात रक्तस्रावही धरलेले आहेत, फक्त गुठळ्या नाहीत.

माझ्या ड्राफ्टमध्ये आता त्या एका वाक्याला तीन संदर्भ आहेत. शिरांसाठी १८६५, झडपांसाठी १९३६, नावाच्या विस्तारासाठी १९७७. वाक्य लांबलंय, गाईडनी अजून कापलेलं नाही.