गोंदण : लेखणीवाचून लिहिलेली लिपी

स्त्रीधनाची यादी करावयास बसले म्हणजे सोने, रुपे, लुगडी, भांडी असे करीत आपण शेवटास येतो. परंतु एक अलंकार त्या यादीत कधी लिहिला जात नाही. तो सावकाराकडे गहाण पडत नाही, चोराला नेता येत नाही, आणि जुन्या बायकांच्या श्रद्धेप्रमाणे मरणानंतर सोबत येणारा तेवढाच असतो. तो अलंकार म्हणजे गोंदण.

बीदर आणि कलबुर्गी ह्या सीमेवरील जिल्ह्यांत, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या भागांतील खेड्यांत, वयोवृद्ध स्त्रियांच्या हातांवर व कपाळावर हे हिरवट निळे लेणे अजून दिसते. मराठीत त्यास गोंदण म्हणतात, कानडीत हच्चे. भुवयांच्या मध्ये ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर दृष्ट लागू नये म्हणून एक तीळ, आणि हातांवर तुळशीवृंदावन, कमळ, पाळणा, विंचू, लक्ष्मीची पावले. तुळस सौभाग्याची, पाळणा वंशवेलीचा, पावले घरी येणाऱ्या समृद्धीची. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिने आपल्या साऱ्या इच्छा अशा रीतीने अंगावर लिहून घेतल्या होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रकडे गेले आणि उरलेला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. शाळा वेगळ्या झाल्या, कचेरीची भाषा वेगळी झाली. तुळशीच्या चित्राला मात्र देवनागरी लागत नाही की कानडी लिपी लागत नाही. उदगीरची लेक भालकीस सासरी आली, तर तिच्या मनगटावरील वृंदावन सासूला वाचून दाखवावे लागत नसे.

हे लेणे घालणारी कारागीर कोण? बहुतेक ठिकाणी ती भटक्या जमातीची स्त्री असे. कानडी मुलखात कोरवा, आपल्याकडे कैकाडी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजातील पुरुष टोपल्या विणीत, आणि स्त्रिया भविष्य सांगत व गोंदत. दिव्याची काजळी धरून ती पाल्याच्या रसात खलावयाची, काडीने नक्षी रेखावयाची, आणि तीन-चार सुया एकत्र बांधून त्या रेषांवर टोचीत जावयाचे. मुलीने वेदना विसरावी म्हणून गोंदणारीण गाणे म्हणे. शेवटी हळद लावली की काम संपले. मोबदला सुपातल्या धान्याचा, फार तर चोळीच्या खणाचा. काजळी त्वचेच्या आतल्या थरात जाऊन बसते, म्हणून ती धुतली जात नाही. आणि वरच्या कातडीतून पाहिली जात असल्यामुळे काळी असून निळी-हिरवी दिसते.

ह्याच बीदर शहरात धातूवर नक्षी कोरून तीत चांदी बसविण्याची बिदरी कला पाच-सहा शतके नांदत आहे. तेथेही आधी टोचणे, मग भरणे, असाच क्रम आहे. पण बिदरीचा हुक्का संग्रहालयात जाऊन बसला. गोंदणाचे संग्रहालय म्हणजे देह, आणि तो देहाबरोबरच जावयाचा.

गोंदणाची खरी थोरवी जपानचा इतिहास शेजारी ठेवला म्हणजे ध्यानात येते. तिसऱ्या शतकातील चिनी बखरीत त्या बेटांवरचे पुरुष तोंड व अंग गोंदतात, पाण्यात बुडी मारताना मोठ्या माशांपासून रक्षण व्हावे म्हणून, अशी नोंद आहे. पुढे एदो नगरीत ही कला बहरास आली. १८२७ च्या सुमारास कुनियोशी ह्या चित्रकाराने एका चिनी कादंबरीतील १०८ बंडखोर वीरांची चित्रे छापण्यास आरंभ केला, आणि अंगभर गोंदलेले ते वीर पाहून सामान्य कारागिरांनी तशीच नक्षी अंगावर घेतली. आग विझविणारे लोक पाठीवर ड्रॅगन गोंदवीत, कारण तो पाण्याचा स्वामी. धबधबा चढून जाणारा कार्प मासा चिकाटीचा, चेरीचा फुलोरा क्षणभंगुर आयुष्याचा.

परंतु त्याच देशात १७२० पासून चोरांना शिक्षा म्हणून गोंदले जाई, ते १८७० पर्यंत. १८७२ मध्ये, परकीयांनी आपणास रानटी समजू नये म्हणून, सरकारने गोंदणावरच बंदी घातली. मौज अशी की १८८१ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, जो पुढे पाचवा जॉर्ज झाला, तेथे जाऊन हातावर ड्रॅगन गोंदवून आला! दक्षिणेकडील र्युक्यू बेटांतील स्त्रिया हाताच्या पाठीवर गोंदवून घेत. त्यावाचून परलोकी शांती नाही, अशी त्यांची श्रद्धा. १८९९ मध्ये त्यांच्यावरही बंदी आली, आणि ज्या हातांचा अभिमान होता ते हात लपविण्याची वेळ त्या बायकांवर आली. १९४८ मध्ये बंदी उठली, पण संकोच उठला नाही.

आपला इतिहास निराळा आहे असे समजू नये. कंपनी सरकारने १७९७ च्या कायद्याने बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदविण्याची प्रथा घातली. सरकारी दप्तरात त्या शिक्षेचे नावच ‘गोदना’. ती १८४९ मध्ये रद्द झाली. म्हणजे आईने लेकीस ज्या कपाळावर चंद्रकोर दिली, त्याच कपाळावर राज्यकर्त्याने कलंक दिला. सुई तीच, काजळी तीच. फरक इतकाच की एक खूण आपल्या माणसांनी मायेने दिली, आणि दुसरी परक्याने जुलमाने लादली.

ह्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. वेंकटेशाने कोरवंजीचे, म्हणजे ह्याच कोरवा स्त्रीचे, रूप घेऊन पद्मावतीचे भविष्य सांगितले, ही कथा दक्षिणेत घरोघर ठाऊक आहे. देवाने जिचे रूप घेतले तिच्या जमातीवर इंग्रजी कायद्याने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायदा १८७१ चा, १९११ मध्ये मद्रास इलाख्यासही लागू झाला, आणि स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला. साऱ्या गावाच्या लेकीबाळींना सौभाग्याची खूण देणारी स्त्री अशा रीतीने स्वतःच डागली गेली. तो डाग कायद्यातून गेला. लोकांच्या मनातून पुसण्यास अद्याप वेळ लागत आहे.

आपल्याकडे गोंदणावर बंदी आली नाही. शाळेत जाणाऱ्या मुलींनाच त्याची लाज वाटू लागली आणि सुई आपोआप थांबली. बळजबरीने गोंदलेली चिमुकली पोर वेदनेने किंचाळत असे, हेही खरे. तेव्हा ती रूढी परत यावी असे कोणी म्हणणार नाही. एकाच सुईने अनेकांस गोंदण्यात रक्तातून रोग पसरण्याचे भय आहे, हेही आज आपण जाणतो. जत्रेत यंत्राने गोंदवून घेणाऱ्या तरुणांनी स्वच्छ सुईचा आग्रह धरलाच पाहिजे.

तथापि रूढी सोडणे वेगळे आणि ती विसरणे वेगळे. शिलालेख शतकानुशतके टिकतो, ताम्रपट भूमीतून उकरता येतो. ही लिपी मात्र चितेबरोबर जळते. आपल्या आजीच्या मनगटावर काय आहे, ते कोणी गोंदले, त्या वेळी कोणते गाणे म्हटले, हे तिच्या संमतीने कागदावर उतरवून घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे. त्या कागदावर आजीच्या नावाशेजारी गोंदणारणीचेही नाव लिहावे. तिची स्मृती आजवर कोणत्याही दप्तराने मानाने नोंदलेली नाही.