मोटारीतील वीज आणि नादाची हौस

1930 साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या निर्वात नळ्यांना लागणारा उच्च दाब मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीतून थेट मिळत नसल्याने वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागत. त्या काळचा डायनॅमो, म्हणजे फिरत्या गुंडाळीतली वीज कार्बनच्या ब्रशांमार्फत बाहेर काढणारे जनित्र, इंजिन मंद चालत असताना जवळजवळ निरुपयोगी ठरे. 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये आलेल्या अल्टरनेटरने ही उणीव बरीच भरून काढली, कारण त्यात स्थिर गुंडाळीत निर्माण होणारी प्रत्यावर्ती वीज सिलिकॉन डायोड एकदिश करतात. अर्थात हा बदल संगीतासाठी नव्हता, त्याचा लाभ मात्र संगीताने पुरेपूर घेतला. पुढे मोठे ॲम्प्लिफायर आल्यावर वाढलेल्या विजेच्या मागणीवर हौशी मंडळींनी स्वस्तातला उपाय रूढ केला, तो म्हणजे अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते सांगाडा आणि इंजिन ते सांगाडा या तीन जोडण्यांना जाड तांब्याच्या तारा घालणे. त्याने दाबातील घट कमी होते, पण वीज वाढत नाही. जादा बॅटरीलाही अखेर अल्टरनेटरनेच भरावे लागते.