आकुर्डीची स्कूटर आणि घरातला अल्बम

जर्मनीतल्या झीगेन गावाच्या आसपास लोखंडाच्या खाणी होत्या. १९५०च्या दशकात त्या बंद पडू लागल्या. तिथेच वाढलेला बर्न्ड बेखर हा तरुण चित्रकार एका खाणीचे चित्र काढायला बसला. पण चित्र पुरे होण्याआधीच पाडापाडी सुरू झाली. म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला. १९५९पासून बर्न्ड आणि हिला बेखर यांनी मिळून काम सुरू केले. रूर खोऱ्यातल्या कोळसाखाणींच्या तोंडावरचे पोलादी मनोरेही त्यांनी टिपले. सावल्या पडू नयेत म्हणून फोटो ढगाळ दिवशी घ्यायचा, समोरून घ्यायचा, आणि त्यात माणूस नको, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे दोन मनोरे शेजारी ठेवून त्यांची तुलना करता येते. रूरमधली शेवटची कोळसाखाण डिसेंबर २०१८मध्ये बंद झाली, पण मनोऱ्यांची ही नोंद राहिली.

आता पिंपरी-चिंचवडकडे वळू या. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात १९७२पासून चेतक स्कूटर बनू लागली. एके काळी तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मग ती मागे का पडली? एक कारण तिच्या इंजिनात आहे. टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच पेट्रोल आणि हवेचे नवे मिश्रण आत शिरते. त्यातले थोडे न जळताच धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेही जळते. धुराविषयीचे नियम २०००पासून कडक झाले. चेतकला पुढे फोर-स्ट्रोक इंजिनही बसवले गेले, पण तोवर गिऱ्हाईक मोटारसायकलीकडे वळले होते. कंपनीचा चाकणचा नवा कारखाना मोटारसायकलींचाच होता. २००५च्या सुमारास चेतक थांबली. सप्टेंबर २००७मध्ये आकुर्डीतले वाहन-उत्पादनही बंद झाले. त्याच वर्षी उत्तराखंडात, करसवलतीच्या प्रदेशात, कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला होता. २०२२मध्ये आकुर्डीच्या आवारात विजेवरची चेतक बनू लागली. नाव तेच राहिले, पण इंजिन उरले नाही आणि इंजिनाभोवतीचे हातांचे कसबही उरले नाही.

या शेवटच्या वर्षांचे फोटो कुठे शोधायचे? कारखान्याच्या फाटकाच्या आत सहसा कॅमेरा नेता येत नाही. म्हणून कामगाराच्या घरी यंत्रापुढचा फोटो क्वचितच मिळतो. मिळतो तो दारातला: नवी स्कूटर, तिला घातलेला हार, पुढे उभे राहिलेले पोर. बेखर यांच्या फोटोत कारखाना आहे, माणूस नाही. आपल्या अल्बमात माणूस आहे, कारखाना नाही. इतिहासाला दोन्ही लागतात.

अशा फोटोचा काळ ठरवणे हा वर्गात करण्याजोगा चांगला तर्काचा खेळ आहे. आधी नंबरपाटी बघा. १९८९च्या मध्यापासून पाटीवर एमएच-१२ (पुणे) किंवा एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) असे क्रमांक येऊ लागले. त्याआधी नुसती तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडा असे. पाटी एमएच-१४ असेल, तर फोटो १९८९च्या आधीचा असू शकत नाही. पण पाटी जुनी असेल, तर फोटोही जुनाच असे म्हणता येईल का? नाही. जुनी स्कूटर १९९५मध्येही दारात उभी असू शकते. मुलांना हा फरक स्वतःला शोधू द्या.

दुसरा पुरावा रंगाचा. १९७०च्या दशकातले अनेक रंगीत फोटो आज तांबूस दिसतात. रंगीत छापात निळसर, किरमिजी आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदावर निळसर द्रव्य अंधारातही, म्हणजे बंद अल्बमातही, आधी विटते. मग उरतो तो लालसर फोटो. कृष्णधवल फोटोत प्रतिमा चांदीच्या कणांची असते, म्हणून आजोबांचा फोटो बाबांच्या फोटोपेक्षा चांगला टिकलेला दिसतो!

फोटो विटतोय, आणि तो ओळखणारी माणसेही थकत चालली आहेत. १९७२मध्ये विशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याशेजारी उभा असलेला कोण, कोणत्या खात्यातला, हे तोच सांगू शकतो. म्हणून मुलांना सांगा: घरच्या परवानगीने फोटोची नक्कल करून घ्या. मूळ फोटो आजोबांच्या हातात द्या आणि ते काय म्हणतात ते वहीत लिहा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो.

नाव न लिहिलेला फोटो वीस वर्षांनी कुणाचाच राहत नाही. या सुट्टीत प्रत्येक मुलाने एका फोटोमागे जरी नाव लिहिले, तरी आकुर्डीच्या इतिहासातले एक पान वाचेल.