दिनविशेष : १६ नोव्हेंबर

२०२३ : सिकलसेलवरील ‘कॅसजेव्ही’ या जनुकीय उपचाराला ब्रिटनने जगात सर्वप्रथम मान्यता दिली. यात ‘क्रिस्पर’ची कात्री रक्त घडवणाऱ्या मूळपेशींतला डीएनए ठरावीक जागी फक्त कापते, तुटलेली टोके सांधतात ती पेशीतलीच दुरुस्ती-प्रथिने. सांधताना तिथली रचना किंचित बदलते आणि जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा भरपूर तयार होऊ लागते. विलक्षणच! पण अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत जमणाऱ्या गोंड समाजात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्यापर्यंत हा उपचार पोहोचायलाच हवा. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. लग्न जुळवण्याआधी दोघांचेही रक्त तपासून घ्या.