प्रलय, नौका आणि सास्तूर

(थ्रेड)

१/
बायबलमधील जलप्रलय, हॉलीवूडचे विज्ञानपट आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हे गाव. तिन्ही ठिकाणी दोन प्रश्न समान आहेत : जग उद्ध्वस्त झाले तर दोष कोणाचा? आणि जे नवे जग उभे राहील त्यात जागा कोणाला?

२/
बायबलच्या पहिल्या ग्रंथात, उत्पत्तीत, देव सहा दिवसांत सृष्टी निर्मितो. पुढे माणसांच्या दुराचारामुळे तीच सृष्टी तो पाण्याखाली घालतो. नोहाचे आठ जणांचे कुटुंब आणि प्राणिमात्रांच्या जोड्या ३०० हात लांबीच्या तारवात वाचतात. येथे दोष पापी माणसांचा ठरतो आणि जागा मिळते ती नीतिमानाला.

३/
ही कथा मराठीला परकी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतचा विस्तार त्याने पुराणाच्या घाटात मांडला. मत्स्यावतारात मनूची नौका ऐकलेल्या श्रोत्यांना नोहाचे तारू ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही.

४/
चित्रपटाने ही कथा लवकरच आपलीशी केली. मायकल कर्टिझचा ‘नोआज आर्क’ १९२८ चा. ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ या विज्ञान कादंबरीचे हक्क पॅरामाउंटने १९३० च्या दशकात घेतले, ते ‘द टेन कमांडमेंट्स’कार सेसिल डिमिल यांच्यासाठी. तो बेत बारगळला आणि १९५१ मध्ये जॉर्ज पाल यांनी चित्रपट निर्मिला. त्यात एक तारा पृथ्वीवर आदळणार असतो आणि तारवाच्या जागी अग्निबाण येतो.

५/
पण मोठा बदल वाहनात नव्हता. आदळणाऱ्या ताऱ्याला पापपुण्य कळत नाही, म्हणून ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘जागा कोणाला’ हा पुढे आला. पाल यांच्या चित्रपटात मोजक्या जागांसाठी चिठ्ठ्या निघतात, तर पैसे पुरवणारा धनिक आपली जागा आधीच मागून घेतो. २००९ च्या ‘२०१२’ मध्ये नौकेचे तिकीट १ अब्ज युरोंचे आहे.

६/
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली; विसर्जन आटोपून गावे झोपली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त केली. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत सुमारे ८ ते १० हजारांच्या दरम्यान आढळते.

७/
येथे पहिला प्रश्न परत येतो. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, रुंद, पण आतून नीट न बांधलेल्या. वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे तेच वजन झोपलेल्यांवर कोसळले. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, भिंती मात्र ढासळल्या. संहाराचे कारण असे बांधकामात सापडले, आणि म्हणूनच ते टाळता येण्याजोगेही होते.

८/
मग दुसरा प्रश्न. जागतिक बँकेच्या साह्याने आखलेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४०० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. नव्या गावाच्या नकाशाने जुना भेद चौरस फुटांत मोजून कायम केला. तारवात शिरायची वेळ आली तेव्हा हातातला सातबारा मोलाचा ठरला.

९/
पडद्यावरील प्रलयकथा बहुधा नव्या सूर्योदयाशी थांबते. पाल यांचे प्रवासी नव्या ग्रहावर उतरतात आणि चित्रपट संपतो. तिथे घरे कोणी बांधली, विहीर कोणाच्या दारात आली, हे कोणी दाखवत नाही. सास्तूरसारख्या गावांचा इतिहास नेमका तिथून पुढचा आहे. अरुंद बोळ आणि भावकीच्या गल्ल्या जाऊन सरळ रुंद रस्ते आले. गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याचे उत्तर आराखड्यात पुरेसे नव्हते. लोकांनी पत्र्याच्या पडव्या, गोठे आणि कुंपणे जोडत ते स्वतः शोधले.

१०/
२००२ च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. उत्पत्तीच्या कथेत जलप्रलयानंतर देव इंद्रधनुष्य दाखवून पुन्हा तसे न करण्याचे वचन देतो. भूगर्भ असे वचन देत नाही. ते वचन माणसांनी एकमेकांना द्यायचे असते : भिंतीत बांधदगड घालून, आणि पुढच्या वेळी घर वाटताना सातबाऱ्याआधी माणसे मोजून.

(समाप्त)