गेलिक फुटबॉल : नियमबदल आणि क्रीडाशैली

खेळाचा नियम म्हणजे केवळ मनाई नव्हे. तो मैदानावरील प्रत्येक कृतीची किंमत ठरवीत असतो. किंमत बदलली की शैली बदलते. परंतु ती नियमकर्त्यांच्या इच्छेप्रमाणेच बदलेल असे नाही. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. हात व पाय या दोहोंनी खेळल्या जाणाऱ्या या खेळात आडव्या दांडीखालून जाळ्यात गेलेला चेंडू ‘गोल’, तर दांडीवरून गेलेला चेंडू ‘गुण’ ठरतो.

१८८४ मध्ये थर्ल्स येथे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. आरंभी एक गोल कितीही गुणांहून श्रेष्ठ मानला जाई. १८९२ मध्ये त्याचे मूल्य पाच गुण, तर १८९६ मध्ये तीन गुण ठरले, आणि दुरून साधावयाच्या गुणाचे महत्त्व वाढले. संघातील खेळाडूही एकवीसवरून १८९२ मध्ये सतरा व १९१३ मध्ये पंधरा झाले.

पुढे अडचण उद्भवली ती बचावाच्या अतिरेकातून. २०११ च्या अखिल आयर्लंड उपांत्य सामन्यात डोनेगॉलने जवळजवळ सर्व खेळाडू आपल्या अर्ध्यात ठेविले. डब्लिनने तो सामना ८ विरुद्ध ६ गुणांनी जिंकला. गर्दीत लाथेने चेंडू गमावण्यापेक्षा हाताने आडवे पास देत राहणे संघांना किफायतशीर वाटू लागले.

यावर योजिलेले पहिले उपाय तोकडे ठरले. २०१७ मध्ये गोलरक्षकाने मारलेली किक-आउट ४५ मीटर रेषेपलीकडे हवेत झेलणाऱ्यास मुक्त लाथेचा हक्क मिळाला. तथापि जवळच्या सहकाऱ्याकडे चेंडू देण्याची सुरक्षित वाट खुलीच राहिली. लागोपाठ तीनच हातपासांची मर्यादा हंगामपूर्व स्पर्धांत आजमावून जानेवारी २०१९ मध्ये, लीगपूर्वीच, सोडून देण्यात आली. तिने हाताला बंधन घातले. बचावाची गर्दी मात्र हलली नाही.

जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेले व २०२५ मध्ये प्रयोगादाखल अंमलात आलेले नियम निराळ्या जातीचे होत. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू प्रतिपक्षाच्या अर्ध्यात राहणे अनिवार्य झाले. किक-आउट ४० मीटरच्या कमानीपलीकडे जाणे आवश्यक ठरले. आणि कमानीबाहेरून लाथेने साधलेल्या गुणास दुप्पट मूल्य आले. येथे केवळ बक्षीस नव्हते. पळवाटही बुजविली होती. उंच झेलाची झुंज परतली, ती या कारणाने.

तरीही संघांनी नवी वाट शोधलीच. गोलरक्षकास आक्रमणात आणून ते अकरांविरुद्ध बारा खेळाडू उभे करू लागले. तेव्हा हंगाम चालू असतानाच आपल्या अर्ध्यात चार खेळाडू ठेवण्याचे बंधन घालावे लागले. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात केरीने डोनेगॉलवर १ गोल व २६ गुण विरुद्ध १९ गुण असा विजय मिळविला. एका सामन्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु २०११ शी असलेले अंतर उघड आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हे नियम कायम करण्यात आले. एकाच कृतीवर बंधन घालणारा नियम संघ चुकवितात. मैदानावरील जागेची वाटणी व गुणांचे मूल्य एकदमच बदलणारा नियम शैलीच्या मुळाशी पोहोचतो. मात्र गोलरक्षकाच्या प्रसंगात झालेली तत्पर दुरुस्ती प्रयोगाच्या काळात सुलभ होती. नियम कायम झाल्यावर संघांच्या पुढील युक्तीला तितक्याच त्वरेने उत्तर देता येईल काय, यावर या सुधारणेचे यश अवलंबून राहील.